घोड्याच्या पोटाचं ऑपरेशन : वाचेल की नाही हे आधी सांगता येतं का?

आकडेमोड

नमस्कार मंडळी,

मी फोंड्यात कॉलेजात डेटा सायन्स शिकवतो. यंदा तिसऱ्या वर्षाच्या एका गटाने प्रोजेक्टसाठी घोड्यांच्या कॉलिकचा डेटा घेतलाय. कॉलिक म्हणजे घोड्याची पोटदुखी, पण ओवा चावून बरी होणारी नव्हे, ह्यात घोडा मरतो. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचा हा डेटा १९८९ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला, ३०० नोंदी मॉडेलला, म्हणजे जुन्या नोंदींवरून अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रॅमला, शिकवायला आणि ६८ तपासायला. मशीन लर्निंग शिकणाऱ्या बऱ्याच पोरांच्या हातून तो कधी ना कधी जातोच, २०२३ मध्ये कॅगल ह्या डेटाच्या स्पर्धा भरवणाऱ्या संकेतस्थळावर त्याच्यावर बेतलेली स्पर्धाही झाली होती. नाडी, ताप, हिरड्यांचा रंग, पोट फुगलंय का, नाकातल्या नळीतून काय आलं, रक्त किती दाट झालंय, असे रकाने आहेत आणि त्यात एक रकाना निकालाचा : जगला, मेला की दयामरण दिलं.

गटातल्या एका मुलाच्या घरी पेडण्याकडे किनाऱ्यावर फिरवायचे घोडे आहेत. त्याने विचारलं, सर, हे मॉडेल आमच्या घोड्याला लावता येईल का, म्हणजे ऑपरेशनला न्यायचं की नाही हे ठरवायला? ह्याचं उत्तर कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून देण्यासारखं नाही म्हणून इथे विचारतोय. घोडे पाळणारे, पशुवैद्य, कोणीही ह्यातून गेलेले असाल तर सांगा. टेबलावर घेण्याआधी खरंच कळतं का? कशावरून कळतं? आणि समजा कोणी तुम्हाला आकडा दिला, जगण्याची शक्यता इतकी इतकी टक्के, तर तुम्ही त्याचं काय कराल?

अबोली_डिचोली

विषयच नवीन माझ्यासाठी. घोड्याला पोटदुखीने मरण येतं हे माहीतच नव्हतं. वाचतेय.

मोरजीबाय

आमच्याकडे पूर्वीपासून घोडे आहेत. सर, कळतं थोडं थोडं. घोडा पुढच्या पायाने जमीन खरवडायला लागतो, वळून वळून आपल्याच कुशीकडे बघतो, वरचा ओठ वर करतो, बसतो उठतो, मग लोळायला लागतो. घाम फुटतो. लीद बंद होते. इतकं दिसलं की आम्ही डॉक्टरला फोन करतो. पण ऑपरेशन केल्यावर जगेल की नाही हे आमच्यासारख्यांना कुठून कळणार, आमचा तर पहिला प्रश्न ऑपरेशन करायचं कुठे हा असतो.

डॉ_माळरान

मी पशुवैद्य, मूळ साखळीचा, काही वर्षं रेसच्या घोड्यांच्या हॉस्पिटलात काम केलंय. सर, तुमच्या मुलाने विचारलेला प्रश्न आम्हाला मालक रात्री दोन वाजता विचारतात, तेव्हा मोठं उत्तर देतो, चालवून घ्या.

आधी घोड्याचं पोट समजून घ्या. घोड्याला उलटी करता येत नाही. जठराच्या तोंडाची झडप इतकी घट्ट असते की आत आलेलं परत वर जात नाही. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर मात्र ८ ते १५ लिटरचं. पुढे आतडं अडलं तर सगळं मागे साचत साचत जठर फुटू शकतं, म्हणून नाकातून नळी घालणं ही पहिली तपासणीही आहे आणि जीव वाचवणारा उपचारही. नंतर लहान आतडं, वीस मीटरहून लांब, आणि मग मोठं आतडं. ह्या मोठ्या आतड्याचा बराच भाग पोटाच्या भिंतीला बांधलेला नसतो, मोकळा लोंबतो, त्यामुळे तो सरकतो, फुगतो, स्वतःभोवती फिरतो.

बहुतेक कॉलिक औषधाने, नळीने, सलाईनने बऱ्या होतात, टेबलापर्यंत जाणारे घोडे थोडे. म्हणून प्रश्न दोन आहेत आणि ते एकत्र करू नका. पहिला, ऑपरेशन लागेल का? दुसरा, केलं तर जगेल का?

पहिल्याचं उत्तर असं मिळतं : वेदनाशामक देऊनही दुखणं थांबत नाही किंवा थोड्या वेळात परत येतं, नळीतून दोन लिटरपेक्षा जास्त पाणी परत येतं, गुदद्वारातून हात घातल्यावर फुगलेली किंवा जागा सोडलेली आतडी लागतात, पोटात सुई घालून काढलेलं पाणी पिवळं स्वच्छ असायला हवं ते लालसर येतं.

दुसऱ्यासाठी मी सगळ्यात आधी बघतो रक्ताभिसरण. निरोगी मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४. साठीच्या वर गेली की मी गंभीर होतो, ऐंशीच्या वर गेली की मालकाला बाजूला घेऊन बोलतो. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. हिरड्या गुलाबी असतील तर बरं, विटकरी झाल्या, दातांच्या कडेला जांभळी रेघ आली तर आतड्यातलं विष रक्तात उतरलंय. पीसीव्ही म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा वाटा, तो साधारण ३२ ते ४५ टक्के असतो, पन्नाशीच्या पुढे गेला की शरीरातलं पाणी गेलंय आणि शॉककडे चाललाय. आणि लॅक्टेट, म्हणजे शरीराच्या भागांना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारा पदार्थ. निरोगी घोड्याच्या रक्तात ते २ मिलिमोलच्या खाली असतं. पोटातल्या पाण्यातलं लॅक्टेट रक्तातल्यापेक्षा बरंच वर असेल तर आतड्याचा कुठला तरी तुकडा रक्ताविना मरतोय असं समजायचं.

ह्यातला एकही आकडा एकट्याने निकाल देत नाही. सगळे मिळून दिशा सांगतात. खरं उत्तर पोट उघडल्यावर मिळतं.

पेडण्याचोपोरगो

डॉक्टर +१००. तो प्रोजेक्टवाला मुलगा मीच. सर, सांगितलं नव्हतं मी इथे आहे म्हणून 😀

आकडेमोड

@पेडण्याचोपोरगो वा! मग आता सबमिशनची तारीख इथेच विचारतो तुला.

@डॉ_माळरान, मनापासून आभार. तुम्ही सांगितलेल्यातलं बरंचसं ह्या डेटात आहे. नाडी, हिरड्यांचा रंग, रंग परत यायला लागणारा वेळ, पीसीव्ही, पोटातल्या पाण्याचं रूप. लॅक्टेट नाहीये.

डॉ_माळरान

त्या काळात जागेवर लॅक्टेट मोजणं सोपं नव्हतं. आता खेळाडूंसाठी असतं ते मुठीत मावणारं मीटर आम्ही तबेल्यात वापरतो, रक्ताचा एक थेंब पुरतो. एकदा मोजून थांबायचं नसतं पण. सलाईन दिल्यावर ते उतरतंय की चढतंय ते बघायचं. उतरत असेल तर माझा जीव भांड्यात पडतो.

म्हापसा_ते_पुणे

मी आकडेशास्त्रात काम करतो, औषधांच्या चाचण्यांमध्ये. हा डेटा मीही शिकताना वापरलाय. सर, चार गोष्टी तुमच्या मुलांना नक्की सांगा.

पहिली. शिकवायच्या नोंदींत निकाल दिलेले २९९ घोडे आहेत, त्यात १७८ जगले, ७७ मेले, ४४ जणांना दयामरण. म्हणजे काहीच न शिकता प्रत्येक घोड्याला "जगेल" म्हणणारं मॉडेलसुद्धा साठ टक्क्यांच्या जवळ बरोबर येतं. त्यामुळे कोणी येऊन सांगितलं की आमचं मॉडेल सत्तर टक्के अचूक आहे, तर त्याला विचारा की मेलेल्यांपैकी किती ओळखले.

दुसरी. त्यात आतड्याची इजा नक्की कुठे आणि कुठल्या प्रकारची ह्याचे रकाने आहेत. ते पोट उघडल्यावर किंवा शवविच्छेदनात कळतं. ऑपरेशनच्या आधी अंदाज द्यायचा असेल तर हे रकाने वापरणं म्हणजे पेपर फोडून परीक्षेला बसणं. काढून टाका आणि मग बघा मॉडेल कुठे येतं.

तिसरी. रिकाम्या जागा. जवळपास तीस टक्के माहिती नाहीच. नळीतून आलेल्या पाण्याचा पीएच, म्हणजे ते किती आम्ल आहे तो आकडा, तर ३०० पैकी अडीचशेच्या आसपास घोड्यांचा नाही. मुलं सरासरी घालून ती भरून टाकतात. पण ती जागा रिकामी का आहे हीच माहिती आहे. डॉक्टर सांगतील, ज्या घोड्याला नळी घालायची गरजच वाटली नाही त्याचा पीएच कुठून येणार. आणि जो आल्या आल्या कोसळला त्याचाही नसेल.

चौथी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या ४४ घोड्यांचं काय करायचं? ते मेले नाहीत, त्यांना मारलं. कोणाच्या आतड्यात आशाच उरली नव्हती, कोणाच्या मालकाकडे पैसे नव्हते, ह्यातलं कुठलं कारण ते डेटात नाही. तुम्ही "मेला" आणि "दयामरण" एकत्र केलंत की तुमचं मॉडेल घोड्याचं आतडं आणि मालकाचा खिसा दोन्ही मिसळून शिकतं आणि त्याला जगण्याची शक्यता म्हणतं.

बारीक गोष्ट : वयाच्या रकान्यात लहान शिंगरांसाठी माहितीपत्रकात २ लिहिलंय, फाइलमध्ये मात्र ९ आहे. मुलांनी बघितलं नाही तर नऊ वर्षांचा घोडा समजतील.

आकडेमोड

तुमची दुसरी आणि चौथी गोष्ट मी उद्याच फळ्यावर मांडतो. इजेचे रकाने ठेवून आणि काढून, दोन्ही प्रकारे चालवायला सांगतो म्हणजे फरक त्यांना स्वतःला दिसेल.

रानमेवा

चौथ्या मुद्द्यावर बोलायचंय. "पैसे नव्हते म्हणून मारलं" हे वाचून पोटात तुटलं. ज्या जनावराच्या पाठीवर बसून तुम्ही कमावलंत त्याच्यासाठी शेवटचा प्रयत्न करायलाच हवा. दहा टक्के शक्यता असली तरी करायला हवा. माणसाच्या बाबतीत आपण टक्केवारी विचारतो का?

मोरजीबाय

रानमेवा, तुमचं मन चांगलं आहे, रागवत नाही. पण ऐका. आमची एक घोडी होती, पांढरी, पाहुण्यांची पोरं तिच्याच पाठीवर बसायला भांडायची. एका संध्याकाळी लोळायला लागली. जवळपासच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, उतरलं, रात्री परत सुरू, परत इंजेक्शन, पहाटे परत. सकाळी दुसरे डॉक्टर आले त्यांनी नाडी मोजली ८८, हिरड्या जांभळ्या, पोटातलं पाणी लाल. ते म्हणाले लहान आतडं पिळलंय, आता इथून गाडीत घालून घाट चढून नेईपर्यंत काय होईल ते सांगता येत नाही, आणि नेलं तरी आतड्याचा मोठा तुकडा काढावा लागेल. ती अंगाने थरथरत होती. तिच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं. आम्ही तिला त्या वेदनेत आणखी दहा तास ठेवायचं नाही असं ठरवलं. ह्यात पैसा होता का? पैसाही होता. पण पैसा असता तरी त्या दिवशी मी तेच केलं असतं.

रानमेवा

बाय, माफ करा. तुमच्यावर बोलायचं नव्हतं मला.

मोरजीबाय

माहीत आहे मला. लिहीत राहा.

चोर्लाघाट

मी जनावरांची वाहतूक करतो, म्हशी, बैल, कधी घोडे. गोव्यातून पुण्याला साडेचारशे किलोमीटर, बंगळूर त्याहून लांब. घोड्याचं पोट उघडून ऑपरेशन करायचं तर भूल देणारा डॉक्टर, उचलायची क्रेन, गादी लावलेली खोली, हे सगळं रेसकोर्सवाल्या शहरांत. गाडी हळू न्यावी लागते, चोर्ल्याची वळणं म्हणजे उभ्या घोड्याला तोल सांभाळायचं काम, दुखऱ्या घोड्याला तर विचारू नका. मध्ये उतरवून चालवा म्हणतात, रात्री घाटात कुठे उतरवणार. मी एक घोडा नेलाय तसा, त्याचा मालक सगळा रस्ता मागे त्याच्याबरोबर उभा होता. पोचला. पुढे वाचला पण. त्याचं काय झालं होतं ते मला माहीत नाही, मला फक्त इतकं आठवतं की त्यांनी दुपारी लक्षण दिसल्या दिसल्या फोन केला होता आणि संध्याकाळी आम्ही घाटात होतो.

डॉ_माळरान

चोर्लाघाट भाऊंनी सांगितलेल्या शेवटच्या वाक्यातच बरंच काही आहे.

घोडा वाचणं न वाचणं हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं, आतड्याला नक्की काय झालंय आणि किती वेळ झालाय. मोठं आतडं नुसतं जागा सोडून सरकलं असेल, रक्तपुरवठा चालू असेल, तर शस्त्रक्रियेचे निकाल चांगले असतात. आतडं जागेवर ठेवलं, गॅस काढला, बंद केलं. उलट मोठं आतडं पूर्ण फिरलं, ओला पंचा पिळावा तसं, तर काही तासांत त्याची भिंत मरते. नुकत्याच व्यालेल्या घोडीत हे जास्त दिसतं. तिथे लवकर उघडलेला घोडा आणि उशिरा उघडलेला घोडा ह्यांचं भविष्य अगदी वेगळं. लहान आतड्याचा फास त्याहून किचकट, कारण मेलेला भाग कापून दोन टोकं जोडायची आणि मग ते आतडं परत चालू व्हायची वाट बघायची. म्हाताऱ्या घोड्यांत चरबीची गाठ देठाला लोंबते आणि तो देठ आतड्याभोवती गुंडाळला जातो. अशा वेळी मालक म्हणतात म्हातारा आहे, जाऊ दे. नुसत्या वयावर सोडू नका, बाकी प्रकृती चांगली असेल तर वयस्क घोडेही चांगले उठतात.

मोरजीबाय, तुमच्या घोडीला रात्रभर परत परत दिलेल्या इंजेक्शनबद्दल लिहितो, कोणाला दोष म्हणून नाही. दुखणं दाबलं की घोडा शांत दिसतो आणि आत आतडं मरत राहतं. पहिल्या इंजेक्शननंतर दुखणं परत आलं तर तीच मोठी खूण असते. त्याच वेळी पुढे न्यायचं की नाही हे ठरवायचं.

म्हापसा_ते_पुणे

डॉक्टर, तुम्ही म्हणताय ते त्या डेटाच्या माहितीपत्रकात वेगळ्या शब्दांत आहे. वेदना जितकी जास्त तितकी ऑपरेशनची शक्यता जास्त, पण आधी दिलेल्या औषधाने वेदना झाकली गेलेली असू शकते, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. वेदनेचे पाच कोड आहेत, तर ते चढत्या क्रमाने धरू नका असंही लिहिलंय. आणि तरी मुलं १ ते ५ आकडे सरळ मॉडेलला घालतात.

वाळपईकरीण

वाचून दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या सत्तरी तालुक्यात शिगम्याला घोडेमोडणी असते, कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन नाचतात. लहानपणी मला वाटायचं घोडा म्हणजे असाच, न थकणारा. आमच्या गोव्याच्या बंदरांत अरबस्तानातले घोडे उतरायचे आणि विजयनगरला जायचे, पोर्तुगीज आल्यावर त्यांनी तो व्यापार आपल्या हातात ठेवला, त्यावर जकात खाल्ली. इतके घोडे ह्या मातीवरून गेले. जहाजातला प्रवास, नवा चारा, नवं पाणी, त्यातले किती असेच पोट धरून गेले असतील, त्यांची नोंद कोणी ठेवली नसेल.

अवांतर झालं, पण मोरजीबायच्या पांढऱ्या घोडीसाठी लिहावंसं वाटलं.

मोरजीबाय

🙏

अबोली_डिचोली

काकी, छान लिहिलंत. डॉक्टर, मला एक विचारायचंय, घोड्याला हे होतं कशाने? किनाऱ्यावरच्या घोड्यांना जास्त होतं का?

डॉ_माळरान

कारणं बरीच. चारा एकदम बदलणं, पाणी कमी पडणं, दातांचा त्रास, जंत, दिवसभर उभा ठेवणं. आपल्याकडे आणखी एक, वाळू. वाळूवरच चारा टाकला की घोडा गवताबरोबर वाळू खातो, ती जड असते, मोठ्या आतड्यात तळाला बसते, साचत जाते, मग जुलाब किंवा पोटदुखी. ह्यावर घरी करायची सोपी तपासणी आहे. ताजी लीद, जमिनीला न लागलेली, बादलीत पाण्यात कालवा आणि थांबा. तळाला वाळू बसली तर आत वाळू जातेय. चारा वाळूवर टाकू नका, टोपल्यात किंवा रबरी चटईवर द्या. इसबगोल देतात वाळू बाहेर काढायला, पण मात्रा घोड्याच्या वजनावर ठरते, तुमच्या डॉक्टरांना विचारूनच द्या.

पाहुणे लोक पाव, बिस्किटं भरवतात तेही बंद करा. प्रेमाने देतात, पण दिवसात दहा जण देतात.

पेडण्याचोपोरगो

हे आमच्याकडे होतंच. पावसात करड (सुकं गवत) भिजतं, बुरशी येते, मग आई ते टाकून देते आणि एकदम नवीन चारा चालू होतो. आणि हिवाळ्यात सिझन असला की घोडे दिवसभर बाहेर, पाणी प्यायला वेळच नाही. आजच बादली करून बघतो.

डॉक्टर, ऑपरेशन करून घोडा उठला की झालं ना? म्हणजे तिथे "जगला" लिहायचं ना?

डॉ_माळरान

नाही रे बाबा. पोराने प्रश्न बरोबर विचारलाय.

पहिला टप्पा भुलीतून उठणं. घोडा भुलीतून धडपडत उठतो, त्यात पाय मोडू शकतो. निरोगी घोड्यालासुद्धा पूर्ण भुलीत शंभरात एकाच्या आसपास मृत्यूचा धोका धरतात, कॉलिकच्या घोड्याला त्याहून जास्त. मग पहिले काही दिवस, आतडं चालू होत नाही, नळीतून परत पाणी येतं, विष चढतं, खुरांत सूज येऊन लॅमिनायटिस होतो. मग टाके, जखमेत पू, पुढे हर्निया. महिन्यांनी आतडी एकमेकांना चिकटून परत कॉलिक. ऑपरेशननंतर कित्येक आठवडे खोलीत बंद विश्रांती, मग छोट्या कुंपणात, मग कुठे हळूहळू काम. म्हणून "वाचला" हा शब्द वापरताना विचारा, कधीपर्यंत? हॉस्पिटलातून घरी गेला तोपर्यंत, की वर्षाने पाठीवर माणूस घेऊन चालला तोपर्यंत?

रानमेवा

हे कोणी आधी समजावून सांगत नाही. मालकाला फक्त खर्च सांगतात.

डॉक्टर, तरी माझा मूळ मुद्दा राहतोच. आकडा सांगितला की माणूस आकड्यामागे लपतो. तीस टक्के म्हटलं की घरी बसायला कारण मिळतं.

म्हापसा_ते_पुणे

रानमेवा, मला ह्याच्या उलट दिसतं. आकडा नसला की मालक डॉक्टरच्या चेहऱ्याकडे बघून ठरवतो. कोणी घाबरट डॉक्टर असेल तर सगळेच घोडे मरणार, कोणी फार आशावादी असेल तर सगळ्यांना घाट चढवणार. पण तीस टक्के म्हणजे काय ते कळायला हवं : ह्याच्यासारखे शंभर घोडे ऑपरेशनला गेले तर तीसच्या आसपास जगतील. तुमचा घोडा त्या तीसात की सत्तरात, ते आकडा सांगत नाही. आणि हा अंदाज ज्या हॉस्पिटलच्या नोंदींवर बांधला तिथले सर्जन, तिथली भूल, तिथे घोडा किती वेळात पोचायचा, हे सगळं त्या आकड्याच्या आत बसलेलं असतं. ग्वेल्फमधला घोडा आणि मोरजीचा घोडा ह्यांच्यात चोर्ला घाट आहे.

रानमेवा

हे पटलं. तरी मी दहा टक्क्यांना नेईन.

मोरजीबाय

न्या. पण मग लवकर न्या.

आकडेमोड

ही सगळी चर्चा मुलांना वाचायला दिली. काल दोन तास त्यावरच गेले. इजेचे रकाने काढल्यावर मॉडेल चांगलंच खाली आलं, मुलं हिरमुसली, मग म्हापसा_ते_पुणे ह्यांचं "पेपर फोडून परीक्षा" वाचून दाखवलं तेव्हा पटलं.

मग एका मुलीने विचारलं, सर, लक्षण दिसल्यापासून किती तास झाले तो रकाना कुठे आहे? आम्ही पूर्ण यादी परत वाचली. नाही तो. नाडी आहे, हातापायांचं तापमान आहे, आतड्यांचा आवाज आहे, पण दुखायला लागल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंत किती वेळ गेला हे कुठेच नाही. डॉक्टर म्हणतात निम्मा खेळ त्याच्यावर आहे आणि तेच मॉडेलला माहीत नाही. अर्थात नाडी आणि पीसीव्ही चढतात त्यातून थोडा वेळ अप्रत्यक्ष दिसतो, पण फिरलेल्या आतड्याचे दोन तास आणि अडकलेल्या चाऱ्याचे दोन दिवस ह्यात फरक करायला ते पुरत नाही.

त्यामुळे माझ्या विद्यार्थ्याला माझं उत्तर असं : हे मॉडेल तुझ्या घोड्याला लावू नकोस. त्याच्यातून काय काय मोजायचं ते शीक आणि ते तुझ्या तबेल्यात मोजायला लाग. डॉक्टर, ह्याला तुम्ही हो म्हणाल का?

डॉ_माळरान

शंभर टक्के हो. आणि मोजायला महागडं काही लागत नाही. एक कागद तबेल्याच्या दारावर लावा, पेन बांधून ठेवा. घोडा ठणठणीत असताना त्याची नाडी मोजून वर लिहा, डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावून किंवा जबड्याखाली बोटाने. प्रत्येक घोड्याची वेगळी असते. मग दुखायला लागला की लिहायचं : पहिलं लक्षण किती वाजता, शेवटची लीद कधी, नाडी किती, हिरडीचा रंग कसा, दाबल्यावर किती सेकंदांत परत आला, कुठलं इंजेक्शन किती वाजता दिलं आणि दुखणं परत कधी आलं. दर अर्ध्या तासाने परत. चारा काढून घ्या. फोनवर मला "घोडा बरा नाही" सांगण्यापेक्षा हा कागद वाचून दाखवलात तर मी अर्धं काम फोनवर करतो. आणि पुढच्या हॉस्पिटलातला सर्जनही तोच कागद आधी मागेल.

गाडी कुठून मिळेल, न्यायचं ठरलं तर कुठे, किती खर्चापर्यंत तयारी आहे, हे घरात घोडा निरोगी असतानाच बोलून ठेवा. रात्री दोन वाजता घरात चार जणांची चार मतं असतात आणि त्यात तास जातात.

चोर्लाघाट

माझा नंबर मोरजीबायकडे आहे. रात्री पण उचलतो.

अबोली_डिचोली

माझ्याकडे घोडा नाही तरी सगळं वाचलं. खूप शिकले.

पेडण्याचोपोरगो

बादली केली. तळाला बोटभर वाळू 😟 डॉक्टर तुम्हाला मेसेज केलाय. रबरी चटई आजच आणतो. कागद पण लावला, पाचही घोड्यांची नाडी लिहिली, आईला हिरडी दाबून बघायला शिकवलं.

एकच विचारायचं राहिलं, आमचे आजोबा पोट दुखलं की बाटलीने गोडंतेल पाजायचे तोंडातून, ते चालेल का डॉक्टर येईपर्यंत?

डॉ_माळरान

नको. बाटलीने तोंडातून काहीच ओतायचं नाही, तेल श्वासनलिकेतून फुफ्फुसात गेलं तर घोडा त्यानेच जाईल. आणि जठर आधीच भरलेलं असेल तर वरून आणखी भर नको. तेल द्यायचं की नाही ते नळी घालून आत काय आहे बघितल्यावर आम्ही ठरवतो. तुझा मेसेज बघितला, वाळूचं बोलू, संध्याकाळी सातनंतर फोन कर.